सगळं मुसळ केरात, तरी तिसरा बरा

"काकू, काल रात्री तुमच्या हॉलमधून धाडधाड आवाज येत होते. टर्मिनेटर ना?"

"तिसरा. डोकं उठलं नुसतं! असले भाग काढतात तरी कशाला रे? दुसऱ्यात सगळं मिटलं होतं. ती कंपनी उडवली, ती चिप वितळवली, अरनॉल्डसुद्धा आपणहून त्या लोखंडाच्या रसात उतरला. मी रडले होते त्या वेळी. आणि आता म्हणे, काही मिटलंच नव्हतं. सगळं मुसळ केरात!"

सुमनकाकू म्हणजे आमच्या गल्लीचं परिनिरीक्षण मंडळ. शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली म्हणून मार्क कापायची सवय अजून गेलेली नाही. मी विळ्यानं कुंपणावरची मधुमालती कापत होतो, तो विळा खाली ठेवला. आता अर्धा तास गेलाच.

"पण काकू, मुसळ केरात गेलं हे तिसरा निदान कबूल तरी करतो. शेवट पाहिलात ना?"

"शेवटाचं नंतर. आधी सुरुवातीचं बोल. दुसऱ्यातला तो पोलिसाच्या वेशातला पातळ धातूचा राक्षस आठवतो? रॉबर्ट पॅट्रिक. गाडीमागे धावत सुटतो, पण तोंड उघडत नाही, धाप म्हणून लागत नाही. बघणाऱ्याच्या अंगावर काटा! आणि ह्यात काय, तर बाई. रस्त्यावरच्या जाहिरातीतली बाई बघते आणि पोलिसाला भुलवायला स्वतःची छाती फुगवून घेते. शी! आणि अरनॉल्ड तो चांदण्यांचा गॉगल घालतो, ती कसली रे थट्टा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो गॉगल मलाही खुपतो. पहिल्या दोन भागांत हसू यायचं ते यंत्राला माणसांची रीत कळत नाही म्हणून. इथे अरनॉल्ड स्वतःचीच नक्कल करतो.

"आणि सारा?" काकू तापल्याच होत्या. "जिने दुसरा भाग खांद्यावर पेलला, तिला ब्लड कॅन्सरने मारून टाकली. तीही पडद्यामागे! शवपेटी उघडली तर आत बंदुका."

"सारा करणारी लिंडा हॅमिल्टनच आली नाही त्यात. आणि जेम्स कॅमेरूनही नव्हता. दिग्दर्शक जोनाथन मॉस्टो."

"का बरं? मूळ गोष्ट त्याचीच ना?"

"त्याचीच. पण पहिल्या भागाच्या वेळी, दिग्दर्शन मलाच करू द्या या अटीवर, त्याने गोष्टीचे हक्क एका डॉलरला विकून टाकले होते."

"एका डॉलरला!" आतून काकांचा आवाज आला. काका पेपरातून डोकं काढत नाहीत, पण पैशाचा विषय निघाला की त्यांना बरोबर ऐकू येतं. "आणि अरनॉल्डने तिसऱ्याचे घेतले जवळजवळ तीन कोटी डॉलर. २००३च्या जुलैत पिक्चर आला आणि ऑक्टोबरात हा कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला! प्रचार फुकटात झाला की."

"तुम्ही पेपर वाचा हो," काकू म्हणाल्या. पण काका चपला घालून कुंपणाशी आलेच. "अरे, ती क्रेन! ती बाई क्रेनचा अजस्र ट्रक रस्त्यातून पळवते, खांब काय, गाड्या काय, सगळं आडवं. अरनॉल्ड हुकाला लोंबकळतोय, काचेच्या इमारतीतून आरपार जातोय. आणि शेवटी तोच हुक गटाराच्या झाकणात अडकवतो आणि अख्खी क्रेन उलटी! कॉम्प्युटरवर रंगवलेलं नाही वाटत ते. वजन जाणवतं."

काकांचं हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण मला काकूंना पटवायचं होतं ते वेगळंच.

"काकू, जॉन तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटतो, आठवा. जगाला वाचवणारा महापुरुष ना तो? घर नाही, नोकरी नाही. रात्री जनावरांच्या दवाखान्यात घुसून गोळ्या चोरतो, आणि ती डॉक्टरीण त्याला सरळ कुत्र्याच्या पिंजऱ्यात कोंडते."

काकूंना हसू आवरलं नाही. "ते मात्र झकास होतं."

"झकासच नाही, खरंही आहे. लहानपणापासून साराने, त्याच्या आईने, सांगितलं, तू सेनापती होणार. मग जगबुडीचा ठरलेला दिवस, २९ ऑगस्ट १९९७, उजाडला, मावळला, बॉम्ब पडलेच नाहीत. आता या पोराने करायचं काय? दुसऱ्या भागाच्या सुखान्ताचा हिशोब इथे मांडलाय. आणि मग तो डोंगराच्या पोटातला बंकर. जॉनला आणि त्या डॉक्टरणीला वाटतं, माणसांवर उलटणाऱ्या स्कायनेटचा मेंदू तिथे आहे, तो उडवला की संपलं. दार उघडतं, तर आत जुनाट धूळ खाल्लेली यंत्रं, अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी कधीकाळी बांधून ठेवलेला आसरा. मेंदू नाहीच! स्कायनेट म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरांत पसरलेला प्रोग्राम. बंद करायला बटणच नाही. टर्मिनेटरला हे ठाऊक होतं. त्याला युद्ध थांबवायचं नव्हतंच, या दोघांना जिवंत ठेवायचं होतं. वर बॉम्ब पडतात, खाली रेडिओवर लोक घाबरून विचारतात, तिथे प्रमुख कोण आहे, आणि पिंजऱ्यात कोंडलेला तो पोरगा अडखळत म्हणतो, मी."

काकू गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे नायक हरला."

"हरला, तेव्हा कुठे त्याच्यावर ते काम येऊन पडलं. एवढा पैसा ओतलेल्या धंदेवाईक पिक्चरला असा शेवट करायला छाती लागते. मागच्या भागाची कमाई उधळायची असेल तर नव्याने त्याची किंमत मोजावी, एवढंच माझं म्हणणं. तिसऱ्याने मोजली. पुढच्यांनी नुसती उधळली."

"चौथा बघितलाय मी," काका म्हणाले. "अरनॉल्ड गव्हर्नर असल्यामुळे नुसता त्याचा चेहरा दुसऱ्याच्या अंगावर चिकटवला होता."

"पाचव्यात जॉनलाच खलनायक केला, आणि ते गुपित ट्रेलरमध्येच फोडलं. सहावा, २०१९चा डार्क फेट. कॅमेरून निर्माता म्हणून परतला, लिंडा परतली, लोक म्हणाले, आता खरं. तर पहिल्या काही मिनिटांत जॉनला गोळी घातली. बारा-तेरा वर्षांचं पोर! ज्याच्यासाठी दोन अख्खे पिक्चर आपण जीव मुठीत धरून बसलो. का मारला? तर त्याच्या जागी मेक्सिकोची दानी आणायची होती. स्कायनेट गेलं, त्याच्या जागी लिजन. भविष्यातून यंत्र मारायला येतं, भविष्यातूनच रक्षक येतो. सगळं जिथल्या तिथे, दारावर पाटी तेवढी नवी."

"थांब, थांब," काकू म्हणाल्या. "लिंडाला काही बोलू नकोस. साठीच्या पुढची बाई, चेहऱ्यावर सुरकुत्या तशाच ठेवून पुलावर बंदूक घेऊन उभी राहते. अशी बाई कुठल्या पिक्चरात बघायला मिळते सांग मला!"

"लिंडाला कोण बोलतंय? तिला गोष्ट जुनीच दिली, हे दुःख."

"मग बरोबर. रीत चुकली, मार्क कापले. तिसऱ्याला पास कर हवं तर, पण त्या गॉगलसाठी काठावर." काकूंनी निकाल दिला आणि परत वळल्या. "आणि ऐक, सहाव्यातला म्हातारा अरनॉल्ड. कार्ल ना तो? टेक्सासमध्ये पडद्यांचा धंदा करतो. लहान मुलीच्या खोलीत एकरंगी पडदे लावायला निघालेल्या गिऱ्हाइकाला परावृत्त करतो, फुगे किंवा फुलपाखरं लावा म्हणतो. माणसं मारायला बनवलेलं यंत्र, पण त्याला एवढं कळतं."

"मग काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. आपल्या हॉलमध्ये तुम्ही राखाडी पडदे आणून लावलेत, त्याची आठवण झाली."