कारखाना कुठे काढावा? नवख्या मॅनेजरसाठी म्हैसूर मार्गदर्शिका

नव्या कारखान्याची जागा शोधायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. पाणी, कच्चा माल, कामगार या गोष्टी सवडीने बघता येतील. आधी घरी विचारा.

म्हैसूरला घरून सहसा नकार येत नाही. हवा छान, शाळा बऱ्या, गोल्फ खेळायची सोय, आणि २०२३ पासून एक्स्प्रेसवे असल्यामुळे शनिवारी बंगळूरु. हसू नका. न्यूयॉर्क सोडून गेलेल्या कंपन्यांची मुख्यालयं शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी तपासली, तेव्हा ती सरासरी आठेक मैलांवर निघाली. कशापासून? साहेबांच्या घरापासून!

आता एक्सेल उघडा. तुलनेला आणखी दोन गावं घ्या, शक्यतो कुणालाच न आवडणारी. मुलगी पसंत पडल्यावर पत्रिका जुळवतात, तसे गुण भरत जा. तरीही म्हैसूर दुसरं आलं, तर ‘राहणीमान’चं वेटेज १० वरून २० करा आणि ‘पाणीपुरवठा’ व ‘वाहतूक’ एकाच रकान्यात कोंबा. नंजनगूडला नेस्लेची कॉफी होते, कोडगूचे मळे जवळ आहेत, हे अहवालात शोभेला जरूर घ्या, मग तुम्ही नट-बोल्ट का बनवत असेना.

सबसिडीचा धडा मात्र नीट गिरवा. कर्नाटकच्या २०२०-२५ च्या धोरणात बंगळूरु शहर आणि ग्रामीण हे जिल्हे सवलतींच्या रांगेत शेवटी होते, म्हैसूर त्यांच्या पुढे. पण सबसिडी ‘मंजूर’ होणं वेगळं, ‘मिळणं’ वेगळं. तुमचा बोनस मंजुरीवर ठरवून घ्या. पैसे मिळवायला हेलपाटे घालायचे ते तुमच्या जागी येणारा घालेल.

मालकांचं अनुकरण कटाक्षाने टाळा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं, तेव्हा १९१० मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना थाटला आणि तिथेच बिऱ्हाड केलं. त्यांना बदली नव्हती, बिचाऱ्यांना. म्हैसूरचीच मोटरसायकली बनवणारी आयडियल जावा घ्या: साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९६ पर्यंत चालली. इतक्या लांबचा हिशोब तुमच्या केआरएमध्ये कुठेच नसतो. तिथे असतं ते एवढंच: मार्चपूर्वी भूमिपूजन.

तेव्हा हेब्बाळ किंवा हुटगळ्ळीला प्लॉट बघा, नारळ फोडा, फोटो वरच्यांना पाठवा. बोअरवेलचा रिपोर्ट आलाच, तर फाईलमध्ये सगळ्यात खाली लावा, आणि बदलीचा अर्ज सगळ्यात वर.