वैशाखातील सरकारी दौरा : काही मार्गदर्शक सूचना

मराठवाड्यातील सरकारी काम आणि वैशाखातील सूर्य यांच्यात काही गुप्त करार झालेला असावा, अशी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. कारण मार्गशीर्षात ज्या मिसलीला कोणी हातही लावीत नाही, ती पारा चाळिशी ओलांडताच एकाएकी तातडीची ठरते आणि पुण्या-मुंबईस पंख्याखाली सुखेनैव बसलेल्या एखाद्या मध्यम श्रेणीच्या अधिकाऱ्यास छत्रपती संभाजीनगरी जातीने हजर राहण्याचा हुकूम सुटतो. विभागीय आयुक्तालय या नगरात, उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ पासून या नगरात, वाळूज व चिकलठाणा येथील कारखानदारी याच नगराच्या अंगाखांद्यावर. तेव्हा हा योग आज ना उद्या प्रत्येकाच्या पत्रिकेत उद्भवणारच, हे गृहीत धरून पुढील सूचना केल्या आहेत.

सूचना पहिली, मुदतीविषयी. या परिसरात कामानिमित्त आलेल्या थोर पुरुषांचे दाखले प्रथम अभ्यासावेत. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीचे दफ्तर बिऱ्हाडासह देवगिरीस हलविले, तिचे दौलताबाद केले, आणि काही वर्षांतच ते सारे लटांबर परत नेण्याची पाळी त्याच्यावर आली. औरंगजेब १६८२ मध्ये दक्षिणेचे प्रकरण निकालात काढण्याच्या निश्चयाने येथे पोहोचला. तो दौरा लांबत लांबत १७०७ पर्यंत चालला, अहमदनगरास संपला, आणि दौरेकऱ्याचा कायमचा मुक्काम खुलताबादेस पडला. या दोन दाखल्यांवरून सुज्ञाने इतकाच बोध घ्यावा की दौऱ्यावर बिऱ्हाड नेऊ नये, आणि काम पुरे झाल्याखेरीज परतणार नाही, असा पण तर मुळीच करू नये.

सूचना दुसरी, तारखेविषयी. सुनावणी शुक्रवारी लावून घ्यावी व ती सोमवारपर्यंत तहकूब होईल अशी व्यवस्था नशिबावर सोपवावी. नशीब या बाबतीत क्वचितच कुचराई करते. मधल्या शनिवारी तीस किलोमीटरवरील वेरूळ आणि रविवारी शंभर किलोमीटरवरील अजिंठा, हा क्रम शास्त्रशुद्ध होय. अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते, हे न जाणणारा नवशिका मंगळवारी मोकळा होतो, आणि आठव्या शतकातील कैलास मंदिराऐवजी कुलूप पाहून परततो. वेरुळास सूर्योदयापूर्वी निघावे, कारण दहानंतर तो काळा कातळ अनवाणी भक्तीची कठोर परीक्षा घेतो. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी हे देऊळ शिखरापासून पायापर्यंत, एकाच डोंगरातून, वरून खाली कोरीत आणले. वरून निघालेले काम खालपर्यंत शाबूत पोहोचल्याचे दुसरे उदाहरण शासनव्यवहारात शोधण्याचे कष्ट घेऊ नयेत.

सूचना तिसरी, दुपारविषयी. आणि हीच सर्वांत महत्त्वाची. कामचुकार मनुष्य दुपारी दोन वाजता कचेरीतून हळूच निसटतो आणि शहर पाहावयास म्हणून बाहेर पडतो. त्याचे पाप तत्काळ फळास येते. याउलट जो हाडाचा रसिक असतो, तो दुपारभर कार्यनिष्ठ राहतो. जुन्या कचेऱ्यांच्या जाड दगडी भिंती, माठातील वाळ्याचे पाणी, आणि "साहेब मीटिंगला गेलेत, तुमी बसा की पंख्याखाली" असे ममतेने सांगणारा शिपाई, एवढे वैभव सोडून उन्हात हिंडणाऱ्यास सौंदर्यदृष्टी आहे असे कोण म्हणेल? अकरा ते पाच मिसल वाचावी, कैफियती तपासाव्यात, शंका काढाव्यात. शहर आपल्या जागेवरून हलणार नाही. या नगरात वैशाखात उद्योग हाच विलास आहे.

सूचना चौथी, पाण्याविषयी. मलिक अंबराने १६१० मध्ये हीच नगरी खडकी या नावाने वसविली आणि पुढे जमिनीखालून नहर खेळवून तिची तहान भागविली. डोंगराकडून मातीच्या नळांतून, कसल्याही पंपाशिवाय, पाणचक्कीपर्यंत पाणी आणणाऱ्यांनी हौदाच्या तळालाच खालच्या दालनाचे छत बनविले, जेणेकरून माथ्यावरील पाण्याने ते दालन उन्हाळ्यातही थंड राहावे. आता पाणी पैठणच्या नाथसागरातून येते, आणि ते कित्येक दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे येथील गृहस्थाच्या कालगणनेत तिथीपेक्षा नळाची पाळी अधिक मानाची असते. म्हणून कोणाच्या घरी पाहुणा म्हणून उतरल्यास प्रथम यजमानाची प्रकृती न विचारता त्याच्या टाकीची विचारावी, आणि स्नानाची वार्ता तिच्या उत्तरानंतरच काढावी.

सूचना पाचवी, रात्रीविषयी. सूर्य मावळला की शहर खऱ्या अर्थाने रुजू होते. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज हा प्रदेश पायी तुडवावा. वाटेत घुंगरू वाजविणाऱ्या रसवंतीस नमस्कार केल्यावाचून पुढे जाऊ नये. मांसाहार वर्ज्य नसणाऱ्याने नानखलिया खावा. तुघलकाच्या लष्करी भटारखान्यातून तो आला असे सांगतात, व त्यातील तर्री पाहता ते सहज पटते. वर उस्मानपुऱ्याचे पान खाल्ले की तहकुबी देणाऱ्या साहेबाविषयी मनात कृतज्ञता दाटते. हिमरू शाल घ्यावयाची असल्यास हाच काळ उत्तम. ती अंगावर घालून पाहा, असा आग्रह दुकानदारही करीत नाही.

सूचना सहावी व शेवटची, भत्त्याच्या देयकाविषयी. त्यापूर्वी एका सायंकाळी बीबी का मकबरा अवश्य पाहावा. दिलरास बानू बेगमेच्या या स्मारकात संगमरवर खालच्या पट्ट्यास व घुमटास, आणि मधल्या भागास चुन्याचा गिलावा, ही काटकसर लेखाधिकाऱ्याने हात जोडून न्याहाळावी. या इमारतीचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा सांगतात. लाखांचा आकडा कोणीही लिहील. पण वरचे सात आणे ज्याने लिहिले, त्या कारकुनास लेखापरीक्षकाचे अंतःकरण कळले होते. गोळाबेरीज पाहून ते बिथरते, अपूर्णांकापुढे मात्र नमते. तेव्हा रिक्षाभाड्याच्या रकमेत पैसे दाखविण्यास विसरू नये.