लोण बोईसरपर्यंत

1998 चा पावसाळा. आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाने आठ सामन्यांसाठी नाव दिलं आणि सात हरलो. आठव्याचं शेवटी सांगतो.

संघ कागदावर तगडा होता. चढाईला वाणगावचा गडी. घरची मिरचीची वाडी, म्हणून पोरगा तिखट, असा सरांचा हिशेब. उजव्या कोपऱ्यात सातपाटीच्या कोळीवाड्यातला पोर. ज्याच्या हातून पापलेट सुटत नाही, त्याच्या हातून माणूस काय सुटणार? सुटायचा. ‘‘पापलेटाला पाय नसतात, सर,’’ पहिल्या सामन्यानंतर त्याने खुलासा केला. कप्तानाचे वडील तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात. त्या भट्ट्या 1969 पासून वीज देत होत्या. मुलगा मात्र मध्यरेषा ओलांडली की मंद व्हायचा. डाव्या कोपऱ्यात मी. माझ्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. समोरचे मात्र बोलायचे, ‘‘तिकडून जा रे.’’

सातही गडी बाद झाले की समोरच्याला दोन गुण जादा. त्याला म्हणायचं लोण. पहिला आम्ही वसईला खाल्ला, दुसराही तिथेच, मध्यंतराच्या आत. मग विरार, सफाळे, पालघर असं करत हे लोण तीन आठवड्यांत बोईसरपर्यंत पोचलं.

घरच्या मैदानावर तरी जिंकू, या आशेला शास्त्रीय आधार होता. कबड्डी हा दमाचा खेळ. संध्याकाळी कारखान्यांकडून जो वास सुटतो, त्यात बाहेरच्या माणसाला ‘कबड्डी’ हा शब्द सलग दोनदा म्हणवत नाही. आम्ही त्यातच वाढलेले. सरांनी सामना मुद्दाम साडेपाचला ठेवला. नेमका दुपारी धो धो पाऊस पडला आणि हवा धुऊन निघाली. पाहुणे छाती भरून श्वास घेत म्हणाले, ‘‘छान हवा आहे हो तुमच्याकडे!’’ आणि त्या हवेत त्यांनी आमच्यावर तीन लोण चढवले.

पुढे कधीतरी वाचलं की टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ 1989 पासून ओळीने 80 सामने हरला आणि त्याच 1998 च्या सप्टेंबरात 14-12 असा एकदाचा जिंकला. ऐंशी! त्यांच्यापुढे आम्ही म्हणजे बालवाडी. शिवाय त्यांना हरायला शिरस्त्राण आणि खांद्याला गाद्या मिळतात. आम्ही गंजीफ्रॉकवर हरलो.

आमच्या पालघरचा शार्दूल ठाकूर तेव्हा सहा वर्षांचा. पुढे तो किट खांद्याला मारून गाडीने मुंबई गाठू लागला आणि 2021 मध्ये ब्रिस्बेनला पहिल्या डावात 67 धावा आणि सामन्यात सात बळी घेऊन आला. त्याच रुळांवरून आम्हीही जायचो. आम्ही नुसतेच परत यायचो.

तर आठवा सामना. समोरचा संघ विरारहून शटलने येणार होता. रुळांवर पाणी आलं, शटल वैतरण्याला अडकली. दोन तास वाट पाहून पंचांनी आम्हाला पुढे चाल दिली. जिंकलो! पण कप्तानाला न खेळता जिंकणं पटेना. ‘‘एक तरी चढाई करतो,’’ म्हणाला. समोर कोणी नाही. तो दम धरून गेला, बोनस रेषा ओलांडली (समोर सहा गडी नसताना बोनस मिळत नाही, पण त्या क्षणी हे त्याला कोण सांगणार), आमच्याकडे बघून हसत वळला, चिखलात घसरला आणि थेट अंतिम रेषेबाहेर जाऊन पडला.

पंचांनी सवयीने शिट्टी वाजवली आणि त्याला बाद दिलं.