चार लोकांशी बोलत जा

बुजऱ्या माणसाने परदेशात एकट्याने जायचं काढलं की घरचे हमखास बजावतात, "जरा चार लोकांशी बोलत जा." हे चार लोक भेटतात कुठे, ते मात्र कुणी सांगत नाही. रिक्षा घरावरून पुढे गेली तरी "थांबवा" म्हणायचा संकोच वाटून मुकाट्याने मागे चालत येणाऱ्यांपैकी मी. त्या भांडवलावर इस्तंबूलला पोचलो. तुर्की दोनच गोष्टींपुरतं पाठ होतं: 'मेर्हाबा' आणि 'तेशेक्कुर एदेरिम'. म्हणजे नमस्कार आणि आभार. मधलं सगळं संभाषण कोरं.

बोलक्या लोकांसाठी हॉस्टेलात गप्पांचं टेबल असतं. तिथे समोरासमोर बसावं लागतं. बघायचं कुणाकडे, हात ठेवायचे कुठे, हसायचं केव्हा, या विवंचनेत चहा गार होतो. सुलतानअहमद भागातला गालिचेवाला या बाबतीत सोयीचा, कारण दोघांच्या वाटचं तोच बोलतो. पण त्याच्या दुकानातून बाहेर पडायला जे धैर्य लागतं, ते आमच्यात असतं तर आणखी काय हवं होतं! त्याला चारांत धरू नये.

मला माणसं भेटली ती गलाता पुलावर. गोल्डन हॉर्न या खाडीवरचा हा पूल. सध्याचा १९९४ सालचा. मधून ट्राम धावते, खालच्या मजल्यावर हॉटेलं, आणि वर कठड्याला खेटून गळ टाकलेल्या माणसांची रांग. इथली खुबी अशी की सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. कुणी कुणाकडे बघायचं नसतं. मीही एका मोकळ्या फटीत जाऊन उभा राहिलो. शेजारच्या काकांनी काठी झटक्यात वर घेतली. एकाच दोरीला ओळीने बारीक गळ, आणि त्यांतल्या तिघांना चंदेरी 'इस्ताव्रित' मासे तडफडत लोंबकळताहेत. माझ्या तोंडून चक्क मराठीत "अरे वा!" निघालं. काकांना ते बरोब्बर कळलं. त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः बिडी... नाही, सिगारेट पेटवली.

मग चहावाला आला. बिनदुधाचा लालभडक चहा, कमरेत बारीक असलेला बिनकानाचा काचेचा पेला. मी तो मधोमध धरून बोटं पोळून घेतली, तेव्हा काकांनी वरच्या काठाला दोन बोटांनी धरून दाखवलं. पुढची चौकशी एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने करावी तशी रीतसर झाली. "हिंदिस्तान?" हो. "शाहरुख खान!" हो, हो. मग अनामिकेकडे बोट: लग्न झालंय? हात जमिनीपासून गुडघ्याएवढा: मुलं? सगळी मुलाखत खुणांनी, आणि दोघांची नजर पुन्हा पाण्यावर. तेवढ्यात मासळीच्या बादलीपाशी एक मांजर येऊन बसलं आणि आम्हाला बोलायला नवा विषय मिळाला.

मांजराची मध्यस्थी या शहरात फार चालते. कादिक्योय भागात तोंबिली नावाच्या एका रस्त्यावरच्या मांजरीचा २०१६ साली पुतळाच बसवला आहे. पायरीवर कोपर टेकून, निवृत्त हेडमास्तरांच्या ऐटीत ती रेलली आहे. तिच्याजवळ थांबलात की कुणीतरी येतंच, आणि मोबाइलमधलं आपलं मांजर दाखवतं.

तेव्हा लाजाळू मंडळींनो, इस्तंबूलला गेलात तर पर्यटकांची महागडी बॉस्फरस-सफर सोडा. एमिनोन्यूहून कादिक्योयला जाणारी रोजची साधी बोट पकडा. वीसेक मिनिटांत ती युरोपातून आशियात नेऊन सोडते. तिच्यावरही कडेची बाकं समुद्राकडे तोंड करून आहेत. तिथे बसा, तीळ लावलेला सिमित पाव घ्या, अर्धा सीगल पक्ष्यांना टाका. शेजारचे आपण होऊन बोलतील. आणि चहा पुढे केला तर नको म्हणू नका. फक्त पेला वरून धरा.