डीएनएस सर्व्हरसाहेबांस अनावृत पत्र

मा. डीएनएस सर्व्हरसाहेब,
नामनोंदणी विभाग, सर्व्हर रूम (एसीच्या थेट झोतात) यांस,

स.न.वि.वि.

शॉप फ्लोअरवरच्या लेथला जोडलेल्या विंडोज एक्सपीच्या संगणकाची नोंद साहेबांच्या दप्तरात सापडत नाही, अशी तक्रार आहे. आयपी पत्त्यावर पिंग केले तर तो लगेच उत्तर देतो. नावाने हाक मारली की मात्र असा कोणी इथे राहत नाही, असे साहेब कळवतात. आयटी विभागाचा निष्कर्ष ठरलेला: मशीन जुने आहे, बदला. त्या मशीनवर चालणारे लेथचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेल का, हे विभागाला कोणी विचारलेले नाही.

अर्जदार एक्सपीच्या वाडवडिलांना, म्हणजे विंडोज 95, 98 आणि एनटी 4 यांना, साहेबांकडे अर्ज कसा करायचा हेच ठाऊक नव्हते. ती मंडळी नेटबायोसवाली. चालू झाले की नेटवर्कभर पुकारा करायचा, "हे नाव माझे!" पाव-पाव सेकंदाने तीनदा ओरडूनही कोणी हरकत घेतली नाही, तर नाव पक्के. 1987 च्या आरएफसी 1001 आणि 1002 मध्ये ही रीत लिहून ठेवलेली आहे. राउटरपलीकडे तो आवाज पोचेना, म्हणून विन्स नावाचे निराळे दप्तर उघडले गेले. विंडोजच्या संगणकाने स्वतःच डीएनएसमध्ये नाव घालायची सोय विंडोज 2000 पासूनची. त्याआधीच्या मशीनची नोंद त्याच्या वतीने आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर करू शकतो. पण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमध्ये त्यासाठी एका चौकटीत टिक करावी लागते, आणि ती मुळात रिकामी असते.

एक्सपीची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे डीएनएस नोंदणीचे काम 'डीएचसीपी क्लायंट' ही सेवा करते, आयपी पत्ता हाताने भरलेला असला तरीही. "आपला पत्ता तर कायमचा, ही कशाला हवी?" म्हणत कुणीतरी हुशार माणूस ती बंद करतो आणि साहेबांकडे अर्ज येणेच थांबते. दुसरा हुशार डीएनएसच्या रकान्यात गूगलचा 8.8.8.8 भरतो. इंटरनेट झकास चालते, पण लेथचे नाव नोंदवून घेण्याशी गूगलला काय देणेघेणे?

आता साहेबांच्या कडक शिस्तीविषयी. सुरक्षित नोंदणीसाठी अर्जदाराने केर्बेरॉसकडून ओळख पटवून आणावी लागते. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक असेल, तर केर्बेरॉस ती पटवून देत नाही. अर्जदाराच्या मदरबोर्डवरची सीआर2032 बॅटरी संपलेली आहे. रात्री मेन स्विच बंद होतो आणि सकाळी तो 2002 सालात जागा होतो.

विंडोज नव्याने टाकून, जुने खाते पुसून मशीन नव्या खात्याने पुन्हा डोमेनमध्ये घेतले, तर तंटा वेगळाच. नाव तेच, पण जुन्या नोंदीचे मालकी हक्क जुन्या खात्याकडे. साहेब नव्या खात्याला त्या नोंदीला हात लावू देत नाहीत. ती नोंद माणसानेच पुसावी लागते. एरवी भंगारात गेलेल्या मशीनची नावे साहेबांकडे खुशाल नांदतात, कारण शिळ्या नोंदी झाडण्याची व्यवस्थाही कोणीतरी सुरू करावी लागते!

नावाच्या लांबीचे थोडक्यात: नेटबायोसला पंधराच अक्षरे चालतात, सोळावी जागा सेवेच्या खुणेची. इंग्रजीत 'शॉपफ्लोअरमशीन1' आणि 'शॉपफ्लोअरमशीन2' अशी नावे ठेवणाऱ्याने भांडण स्वतःच लावले आहे, कारण दोन्हींची पहिली पंधरा अक्षरे तीच.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार 8 एप्रिल 2014 रोजी संपला. त्यामुळे अर्जदाराला इंटरनेटपासून तोडून वेगळ्या कप्प्यात ठेवावे, याबद्दल वाद नाही. पण नाव लागत नाही एवढ्यासाठी त्याला भंगारात काढणे अन्यायाचे आहे. तरी आयटी विभागाने आधी घड्याळ, मग डीएनएसचा रकाना, मग ती बंद पडलेली सेवा पाहावी, शिळी नोंद असल्यास पुसावी आणि शेवटी 'आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस' हा हुकूम द्यावा, असे साहेबांनी त्यांना कळवावे.

कळावे,
शॉप फ्लोअरवरील समस्त कामगार

ता. क. : बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानात मिळते. टेंडर काढू नये.