काळी दोनची पंचाईत

"सर, 'रॉक ऑन'मधल्या बँडमधी बेस कोण वाजवतंय, सांगा बरं."

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून असा प्रश्न आला की समजावं, वहिनींनी लातूरकरांना तूर निवडायला बसवलंय आणि त्यांना त्यातून उठायला निमित्त पाहिजे. लातूरकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बदलीवर लातूरहून नांदेडला आले, प्लॉट घेतला, घर बांधलं, पोरंबाळं इथंच शिकली. पण गल्लीनं त्यांना गावाच्या नावावरच ठेवलं. आमच्या दोघांकडंही बेस गिटार आहे, दोघांनाही बऱ्यापैकी वाजवता येते आणि दोघांच्याही घरात त्याबद्दल कुणाला काडीचा अभिमान नाही. एवढ्या भांडवलावर आमची दोस्ती टिकून आहे.

मी बोटं मोडली. फरहान अख्तर गातो. अर्जुन रामपाल लीड गिटार. पूरब कोहली ड्रमवर, ल्यूक केनी कीबोर्डवर. करंगळी तशीच राहिली.

"कोणीच नाही की ओ!" लातूरकर सूप घेऊनच भिंतीशी आले. "२००८चा पिक्चर. रॉक बँडवर निघाला, एवढा गाजला, आन् बँडमधी बेसवालाच नाही. आजवर कुणाच्या ध्यानातबी आलं नाही."

"तुमच्या लातूरच्या पोरानं तरी काय दिवे लावले?" मी म्हणालो. रितेश देशमुख म्हणजे बाभळगावचे, म्हणजे लातूरकरांच्या लेखी घरचेच. "२०१६ला रवी जाधवांनी त्यांना घेऊन 'बँजो' काढला. बेस गिटारवर काढला का?"

"बेसवर पिक्चर काढला तर तिकीट कोण काढंल?" हे त्यांनी इतक्या पटकन कबूल केलं की मला वाद घालायला जागाच राहिली नाही. मग विषय बँजोवर गेला. आपल्याकडच्या बँजो पार्टीत जो वाजतो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, त्याचा अमेरिकेतल्या बँजोशी नावापुरताच संबंध. तो मूळचा जपानी, ताइशोगोतो. १९१२च्या सुमाराला नागोयाच्या गोरो मोरितानं बनवलेला. जपानमधून निघालेलं वाद्य कोकणात आणि मुंबईत गणपतीपुढं नाचायला लागलं, आणि बेस गिटार मात्र मराठवाड्यात पाहुण्यासारखी अजून ओसरीवरच बसून आहे, असं लातूरकरांचं रडगाणं.

रडगाणं खोटं नाही. इकडचा ऑर्केस्ट्रा म्हणजे एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलकी-ढोलक, दोन गायक, एक गायिका आणि शेर मारणारा निवेदक. एवढी मंडळी सामानासकट एका क्रूझरमध्ये कोंबून बसते. बेसवाला घ्यायचा तर त्याची गिटार, त्याचा अँप आणि त्याचं जेवण. त्यापेक्षा कीबोर्डवाल्याचा डावा हात फुकट मिळतो. सुपारी ठरवताना मालक सरळ विचारतो, "तुम्ही नसलात तर गाणं बंद पडतंय का?" आता यावर खरं उत्तर दिलं तर सुपारी जाते. कारण बेस नसला तर गाणं बंद पडत नाही. ते नुसतं हलकं होतं, आणि का हलकं झालं ते लोकांना सांगता येत नाही. लोकांना वाटतं आज गायकाचा घसा बसलाय.

लातूरकरांचा सगळा राग त्या डाव्या हातावर. "पण सर, हे आजचं नाही," असं म्हणून त्यांनी चरणजित सिंगांचा किस्सा काढला. तो मी याआधीही ऐकलाय, तरी ऐकला. चरणजित सिंग म्हणजे मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत गिटार वाजवणारे, लग्नसमारंभांत स्वतःचा ऑर्केस्ट्रा घेऊन जाणारे. रोलंड कंपनीनं १९८१च्या सुमाराला टीबी-३०३ नावाचं एक छोटं यंत्र काढलं. हेतू काय, तर एकट्या गिटारवाल्याला सरावाला बेसवाला लागू नये! आवाज अजिबात बेस गिटारसारखा निघेना, खपही झाला नाही, तीनेक वर्षांत कंपनीनं बनवणंच बंद केलं. चरणजित सिंगांनी तेच यंत्र घेतलं आणि १९८२मध्ये त्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून एचएमव्हीकडून रेकॉर्ड काढली. कुणी विचारलं नाही. पुढं शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्रातून ॲसिड हाउस नावाचं संगीत उभं केलं, आणि २०१०मध्ये जुनी रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी तोंडात बोट घातलं, की हा मनुष्य तर आधीच तिथं पोचला होता. २०१५मध्ये ते गेले.

"म्हणजे बेसवाल्याची भाकर खायला आलेलं यंत्र आपल्याच माणसानं कामाला लावलं," लातूरकर म्हणाले. हा त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. ज्याला बेसची रेघ डोक्यात ऐकू येते तोच त्या डबड्यातून ती काढू शकतो. पण सूप हातात असलेल्या माणसाशी फार वाद घालू नये.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. हातात दुधाचं पातेलं. "सर, तुम्हीच बघा. यात काल तारा उकळल्या यांनी."

हा प्रकार बेसवाल्यांच्या घरातच कळेल. बेसच्या तारा जाड, एका सरळ तारेवर दुसरी तार गुंडाळलेली. त्या वेटोळ्यांच्या फटींत बोटांचा घाम, तेलकटपणा, मेलेली कातडी जाऊन बसते आणि आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा येतो. नवीन सेट घ्यायचा तर महाग, शिवाय इथल्या दुकानात गिटारच्या तारा मिळतात, बेसच्या सांगून मागवाव्या लागतात. म्हणून जुन्या तारा काढायच्या, वेटोळं करून पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या, पुसून कोरड्या करून परत चढवायच्या. पाण्यावर करड्या रंगाचा तवंग येतो. आवाज आठ-पंधरा दिवस नव्यासारखा झणझणीत लागतो. त्या पातेल्यात पुन्हा दूध तापवायचं की नाही, हा मात्र निराळा प्रश्न.

"जेमर्सननं कधी उकळल्या नाहीत," मी वहिनींची बाजू घेतली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या कितीतरी गाण्यांमागं जेम्स जेमर्सनचा बेस आहे. उजव्या हाताच्या एका बोटानं वाजवायचा, आणि तार तुटेपर्यंत बदलायचाच नाही. मळातच मजा आहे, असं त्याचं मत.

"त्याला कोण विचारत होतं? त्याचं नाव रेकॉर्डवर छापतसुद्धा नव्हते लई दिवस," लातूरकर म्हणाले. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच हा माणूस आम्हाला जवळचा वाटतो. वहिनी पातेलं आपटून आत गेल्या.

मेमधला दुसरा ताप म्हणजे गिटारची मान. बाहेर बेचाळीसचा पारा, हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत. लाकडातली ओल जाते, मान ताठ होऊन मागं कलते आणि तारा फ्रेटवर घासून खरखरायला लागतात. फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. मग फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन तळहाताला करवतीसारखी लागतात. मानेच्या आत एक सळई असते, तिला एलन कीनं पाव आटा ढिलं करायचं आणि रात्रभर थांबायचं. एकदम अर्धा आटा फिरवणारा मनुष्य घाईचा, त्याला गिटार देऊ नये.

पण खरी पंचाईत पट्टीची. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार म्हणजे पांढरी तीन, ४१ हर्ट्झच्या आसपास. त्यावर पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. ही जुळणी लिओ फेंडरच्या १९५१च्या बेसवर होती, आजही तीच आहे. आता आपले पुरुष गायक गातात कुठं? काळी एक, काळी दोन. म्हणजे काळी दोनचा षड्ज हवा तर तो आमच्या शेवटच्या तारेच्या अगदी एक पायरी खाली. तळघराचा जिना आहे आणि शेवटची पायरी नाही, अशी अवस्था. गाण्याच्या समेवर, जिथं सगळ्यात खोल स्वर पडायला पाहिजे, तिथं आम्ही सप्तकभर वर उडी मारतो. गायक मागं वळून बघतो. त्याला काय चुकलं ते कळत नाही, पण वळून बघतो.

"पाच तारांची घ्यायलो," लातूरकर हळूच म्हणाले आणि खिडकीकडं बघून घेतलं. पाचवी तार म्हणजे पांढरी सात, ३१ हर्ट्झला टेकलेली. ती असली की काळी एक, काळी दोन सगळं पोटात येतं.

"वहिनींना सांगितलं?"

"तार पाचवी, ते कळंल. गिटार दुसरी, ते नाही कळायचं. लांबून सारख्याच दिसतात."

सोळा मात्रांचं हे कपट चालू असताना माझा पुतण्या आला. हा विष्णुपुरीला, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आहे. युवक महोत्सवात पाश्चात्य समूहगानाला साथ केल्यापासून तो आम्हाला कच्चा माल समजतो. त्याचं सगळं मेटल. "काका, तुम्ही 'आप जैसा कोई'च्या पुढं कामून जात नाही?"

'आप जैसा कोई'ला नावं ठेवलेली लातूरकर खपवून घेत नाहीत. १९८०चं 'कुर्बानी', बिद्दूचं संगीत, नाझिया हसनचा आवाज. बाकी सगळं काढून टाकलं आणि नुसता बेस ठेवला तरी पोरगं नाचायला लागेल, असं त्यांचं म्हणणं. आर. डीं.च्या ताफ्यातले टोनी वाझ हे तर त्यांचं दैवत. पुतण्या म्हणतो, मोहिनी डे ऐका. ती मुंबईची, वडिलांकडून बेस शिकलेली, रहमानबरोबर वाजवलेली. तिची बोटं बघितल्यावर आम्ही दोघं गप्प बसतो आणि चहा मागवतो. इंडियन ओशनच्या राहुल रामवर मात्र तिघांचंही एकमत. एकाच वेळी बेस वाजवून गायचं हेच अवघड, त्यात गडी अमेरिकेतून पीएच.डी. करून आलेला आणि नर्मदा आंदोलनात वर्षं घालवलेला. गावोगाव फिरलेल्या माणसाच्या ठेक्यात माती येते, असं काहीसं मी बोललो. पुतण्यानं मोबाईल काढला.

मेटल वाईट नाही. पण त्या पोरांना एक कळत नाही, आणि ते मला एका ढोलकीवाल्यानं सांगितलं. लावणी चालू होती, मी जोरात लांब-लांब सूर धरून वाजवत होतो. मध्यंतरात तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या डाव्या हाताला जागा द्या." ढोलकीची डावी बाजू दाबून-सोडून स्वर वर-खाली सरकवतात, तिचा घुमारा चालतो नेमका बेसच्याच पट्ट्यात. आपण तिथं सरळ सूर ताणून बसलो की दोन्ही मिळून नुसता चिखल होतो. तेव्हापासून मी लावणीत आखूड वाजवतो; स्वर लावला की लगेच तळव्यानं दाबून टाकतो, आणि घुमायचं काम डाव्या हाताला सोडतो. मराठवाड्यात बेस वाजवायचा असेल तर आधी ढोलकी, संबळ, हलगी ऐकावी. अमेरिकेतले व्हिडिओ नंतर आहेतच.

लोकांच्या तोंडी 'बेस' म्हणजे डीजे. चौदा एप्रिल असो, विसर्जन असो, हळद असो, तीन गल्ल्या पलीकडचा डीजे आमच्या मांडणीतली फुलपात्रं वाजवतो. गाण्याचे शब्द येत नाहीत, धडधड तेवढी येते. ४१ हर्ट्झची एक लाट आठ मीटरच्या वर लांब असते. विटांची भिंत तिला काय अडवणार? उलट आमचं रेकॉर्डिंग मोबाईलवर ऐकवलं तर बेस गायब, कारण तेवढ्याशा स्पीकरला तो स्वर निघतच नाही. वरच्या झंकारांवरून कान अंदाजानं तो भरून काढतो, ते निराळं. लातूरकरांच्या मुलीनं तिच्याच लग्नाचा व्हिडिओ बघून विचारलं होतं, "पप्पा, तुम्ही नुसते उभेच होता का?"

आणि वरून दहाचा काटा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच. इकडं पाहुणे जमतात नऊला, सत्कार चालतात साडेनऊपर्यंत. निवेदक शेर आवरत नाही. साउंडवाला आमची पिन लावतो तेव्हा अर्थिंग नसल्यानं हूंऽऽ असा आवाज येतो, तो जाईपर्यंत पोलिसांची गाडी मांडवाशी उभी.

तरी सुपारी आली की लातूरकरांचा चेहरा खुलतो. परवा चाकूरची आली, लग्नाची. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत जायचं, वाटेत दोघांचं सामान एकाच गाडीत. मालकाचा फोन त्यांनी मुद्दाम भिंतीशी येऊन स्पीकरवर घेतला, मला ऐकू यावं म्हणून.

"मानधनाचं असंय," मालक म्हणत होता, "गिटारवाल्याला सहा तारा असत्यात. तुमच्या गिटारीला चार. तर त्या हिशोबानं बघा की जरा."

लातूरकरांनी फोनवर हात ठेवला. "बघा सर. पाचवी तार काय उगीच घेलालाव?"