थेरी

चिकलठाण्यात त्याचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलंय. बाकी सगळे त्याला ‘थेरी’ म्हणतात. वय सव्वीस-सत्तावीस, एमआयडीसीत शिफ्टला कामाला, अंगानं काडी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ही वर्तुळं रात्रपाळीची कमी आणि जपानची जास्त, असं त्याची आत्या सांगते. आत्याबद्दल पुढं बोलायचंच आहे, कारण तिच्याशिवाय थेरी कळत नाही.

थेरीला प्रेमकथा लागतात, त्याही जपानी ॲनिमेतल्या. शाळेचा गणवेश, स्टेशनवरचा पाऊस, दोघांत एक छत्री. पण प्रेमकथा प्रेमकथा म्हणून बघणं त्याला जमत नाही. पोरगा-पोरगी एका छत्रीखाली आले की तुम्ही-आम्ही जरा सुखावतो. थेरी पॉज करतो. छत्रीची सावली पडली, पोराची पडली, पोरीची का नाही? संपलं. पोरगी मागेच वारलेली आहे आणि पोरगा वेड्यासारखा एकटाच भिजतोय. हे निदान तो इतक्या समाधानानं सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरीच्या तेराव्याचं जेवूनच आलाय.

सावलीखेरीज त्याच्याकडे ठरलेले पुरावे आहेत. भिंतीवरचं बंद घड्याळ असलं की मृत्यूची वेळ. कावळा असला की उघडच आहे. घरात आई दिसत नसेल तर बापानं काहीतरी केलंय. रेल्वे फाटक दिसलं की तो चहाचा कप खाली ठेवतो. माकोतो शिनकाईचा ‘फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद’ हा 2007चा सिनेमा फाटकावरच संपतो. नायक वळून बघतो, मधून गाड्या जातात, आणि गाड्या गेल्यावर पलीकडची बाई तिथं नसते. निघून गेली असेल बिचारी, संसार असेल, असं आपण म्हणतो. “निघून गेली?” थेरी म्हणतो. “गाडी कुठून गेली ते बघितलं का नीट?”

या पंथाचं मूळ पीठ म्हणजे ‘माय नेबर टोटोरो’. ती प्रेमकथा नाही, पण थेरीची दीक्षा तिथलीच. 1988 सालचा हा सिनेमा दोन लहान बहिणींचा आणि जंगलातल्या गुबगुबीत प्राण्याचा. जपानात कुणीतरी अफवा उठवली की टोटोरो हा मृत्यूचा देव आहे, दोघी मेलेल्या आहेत, म्हणूनच शेवटाकडं त्यांच्या सावल्या पडत नाहीत. अफवा एवढी पसरली की 2007 मध्ये खुद्द स्टुडिओ जिबलीला खुलासा करावा लागला: बाबांनो, तिथं सावल्या काढायची गरज वाटली नाही, म्हणून काढल्या नाहीत. आता यावर कुणीही शहाणा माणूस गप्प बसेल. थेरी म्हणाला, “खरं नसतं तर खुलासा कशाला केला असता?” या युक्तिवादाला जगात उत्तर नाही. आपल्याकडं काही पुढारी यातच मुरलेत.

गंमत म्हणजे ‘सैराट’ त्याला अजिबात आवडत नाही. 2016 साली अख्खा महाराष्ट्र थिएटरातून सुन्न होऊन बाहेर पडला. लेकराची रक्तानं भरलेली पावलं पडद्यावर उमटली तेव्हा माझ्या बाजूचा माणूस उठलाच नाही. थेरीचं मत वेगळं. “त्यात काय लपवलंय? सगळं उघडंच तर आहे.”

आता आत्या. बाई सत्तरीच्या आत-बाहेर, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. नात्यागोत्यातली स्थळं तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नाहीत. माझ्या मते थेरीच्या विद्येचा उगम तिकडं आहे, जपानात नाही. मुलगा इंजिनिअर, घर स्वतःचं, माणसं गोड, अपेक्षा काही नाहीत, असं स्थळ आलं की इतर बायका खूश होतात आणि आत्या सुपारी कातरायची थांबते. “एवढं सगळं चांगलंय, तर मग अजून लग्न का नाही झालं?” मुलाच्या फोटोत उजवा हात खिशात असला तर बोटं मोजून या, असा तिचा निरोप जातो. आपल्या घराघरांत अशी एक आत्या असते आणि तिचा अंदाज बऱ्याचदा खराही ठरतो, ही फार अडचणीची गोष्ट आहे.

एकदा नळाला पाणी यायचं होतं म्हणून दोघं पहाटेपर्यंत जागे होते. थेरीनं तिला मोबाईलवर ‘युअर नेम’ दाखवला. 2016चा, शिनकाईचाच. डोंगरातल्या इतोमोरी गावची मित्सुहा आणि टोकियोचा ताकी यांची शरीरं झोपेत अदलाबदल होतात. पुढं कळतं की दोघांच्या काळात तीन वर्षांचं अंतर आहे, आणि तीन वर्षांपूर्वीच धूमकेतूचा तुकडा पडून तिचं गाव संपलंय, तिच्यासकट. ताकी खटपट करतो, गावची माणसं वाचतात, आणि काही वर्षांनी दोघं टोकियोतल्या एका जिन्यावर समोरासमोर येतात. थेरीचा सिद्धांत असा की कुणी वाचलंच नाही. जिना वर जातो, यातच सगळं आलं.

मी त्याला अडवायचा प्रयत्न केला होता. शिनकाईच्याच पुढच्या सिनेमात, ‘वेदरिंग विथ यू’मध्ये, हीच मित्सुहा टोकियोत दागिन्यांच्या दुकानात उभी आहे. नायकाला अंगठी निवडायला मदत करते, छातीवर आडनावाची पट्टी आहे. 2019 मध्ये तो सिनेमा आपल्याकडं लागावा म्हणून देशभरातल्या पोरांनी सह्यांची मोहीम काढली होती. सही करणाऱ्यांत थेरीही होता, म्हणजे त्यानं तो बघितलेला होता. मेलेली बाई अंगठ्या कशी विकेल? त्यानं क्षणभर विचार केला. “ते दुकान खाली आहे असं कुणी सांगितलं?”

आत्यानं मात्र सिनेमा शेवटपर्यंत बघितला, मध्ये एकदा “कशाला रडायली ती?” एवढंच विचारलं, आणि मग म्हणाली, “पोरीचा बाप घरजावई होता का रे?”

थेरी गडबडला. त्याच्या वहीत हे नव्हतं. पण होतं खरंच तसं. मित्सुहाचा बाप मियामिझू घराण्यात लग्न करून आला, त्यांचंच आडनाव लावलं. बायको गेल्यावर सासूशी बिनसलं, तो देवळाची चाकरी सोडून राजकारणात शिरला आणि गावचा महापौर झाला.

“मला वाटलंच,” आत्या म्हणाली. “सासूशी पटलं नाही की माणूस निवडणुकीलाच उभा राहतो. आणि तीन वर्षांचं अंतर म्हणालास ना? मग पोरगी तीन वर्षांनी मोठी झाली की. हे कुणी बघितलं का नाही?”

कुणी बघितलं नव्हतं. निदान थेरीनं तरी नाही. तो धूमकेतूचा कोन मोजत बसला होता.

गेल्या दिवाळीनंतर थेरीचंच स्थळ निघालं. मुलगी मुकुंदवाडीची, बी.कॉम. झालेली. मीही गेलो होतो, चौथा माणूस म्हणून. पोहे आले, मुलगी आली, थेरीनं तिच्याकडं बघितलं आणि लगेच तिच्या पायाशी पडलेल्या सावलीकडं बघितलं. सावली नीट होती. त्याचा चेहरा खुलला. भिंतीवरचं घड्याळही चालू होतं.

मुलीचे मामा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. जाडजूड, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, बशीतून चहा. त्यांनी पगार विचारला नाही. कंपनीत कायम आहात का, तेही विचारलं नाही. म्हणाले, “कंपनीची बस येते का न्यायला?”

“नाही, मी गाडीवरच जातो. बरं पडतं.”

“हां. कँटीनचं जेवण कसंय?”

“डबा नेतो मी. आत्याच्या हातचं.”

“बरोबर आहे, घरचं ते घरचं. दिवाळीला मिठाईचा डबा-बिबा देतात का आता?”

“यावेळी ठेकेदारानं दिला ना, अर्धा किलो.”

मामांनी बशी खाली ठेवली. आत्यानं डोळे मिटून घेतले. तीन प्रश्नांत मामांनी त्याचं कंत्राटी असणं बाहेर काढलं होतं, तेही आवाज न चढवता. खोलीत हे सगळ्यांना कळलं, पोह्यांवर खोबरं भुरभुरणाऱ्या लहान बहिणीला धरून. थेरीला वाटलं, मामा मोकळे आहेत, कामाची आपुलकीनं चौकशी करतात.

निघताना मामा दारापर्यंत आले. पत्रिका दाखवून घेतो म्हणाले, मग आम्ही कळवतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं चष्म्याचा दोरा मानेमागं बांधला आणि जालन्याच्या एका स्थळाला फोन लावायला घेतला. थेरी पहिल्या पाळीला निघाला होता, बूट घालता घालता थांबला.

“आत्या, घाई नको करू,” तो म्हणाला. “ते पत्रिका दाखवून कळवणारेत.”